उणा शब्द जाहिरातीत उलटवायचा कसा

आधी उणा, म्हणजे वाईट अर्थाचा, शब्द निवडा. तो गिऱ्हाइकाच्या तोंडी रोजचा हवा आणि त्यावरचा उतारा तुमच्या मालातच हवा. सर्फ एक्सेलला ‘दाग अच्छे हैं’ म्हणणं परवडलं, कारण डाग काढणं हेच त्या पावडरीचं काम. मसालेवाल्याने तेच म्हटलं तर लोकांना हळदीने पिवळा झालेला सदराच आठवेल.

मग कारण दाखवा. त्या जाहिरातीत बहीण चिखलात पडते, तर भाऊ डबक्यालाच बुक्के घालून ‘सॉरी’ म्हणायला लावतो. गणवेश माखतो, पण बघणाऱ्याला राग येत नाही. माया आधी, शब्द सगळ्यात शेवटी. क्रम चुकला की ओळ नुसती उद्धट वाटते. आणि उतारा दाखवायचा राहिला तर पस्तावा उरतो.

या क्रमाला अपवाद आहे. १९६० साली फोक्सवॅगनने अमेरिकेत गाडीच्या फोटोखाली ठळक ‘लेमन’ छापलं, म्हणजे तिथल्या बोलीत खोट असलेली गाडी. खुलासा त्याच पानावर: डॅशबोर्डच्या कप्प्यावरची क्रोमपट्टी डागाळली, म्हणून तपासनिसाने गाडीच अडवली. छापील पानावर हे जमतं. होर्डिंगवर एवढं वाचायला कोण थांबतंय!

मराठीत करताना शब्द मोठ्याने म्हणून बघा. ‘डाग’ म्हणजे दागिनाही, तो सहज वळतो. ‘कलंक’च्या वाटेला जाऊ नका.