उजळ फ्रेममध्ये उजेडच नव्हता

चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या जंगलात महादेवाचं यादवकालीन मंदिर आहे. आत मिट्ट काळोख, दाराबाहेर रखरखीत ऊन. एचडीआर, म्हणजे एकाच दृश्याच्या कमी-जास्त उजळ फ्रेम जोडून एक फोटो करणं, शिकायला खानदेशात याहून चांगली जागा मला ठाऊक नाही, आणि माझा दीड महिना वाया गेला तोही इथल्याच फोटोंपायी.

ब्रॅकेटिंग (अशा फ्रेम लागोपाठ घेणं), ट्रायपॉड, रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) हे तुम्हाला येत असेलच. मी ॲपर्चर प्रायॉरिटीवर (ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, आपण ठरवायचं, बाकी कॅमेरा ठरवतो), एफ/८ ला तीन फ्रेम घेतल्या: उणे दोन, शून्य, अधिक दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजळपणा दुप्पट किंवा निम्मा). जोडल्यावर खांबांच्या सावलीत नुसता रंगीत नॉइज (दाणेदार ठिपके), नक्षी हरवलेली. लेन्सवर संशय घेतला, सॉफ्टवेअर बदललं. ज्या लग्नाच्या स्टुडिओत उमेदवारी करत होतो तिथे विचारलं, तर उत्तर मिळालं, "प्रीसेट लाव, होऊन जाईल." प्रीसेटवर, म्हणजे तयार एडिटिंग सेटिंगवर, एक रुपयाही घालवू नका. फोटो बघण्याआधी 'शटर किती होतं?' असं विचारणारा माणूस शोधा.

शेवटी एक्झिफ, म्हणजे फोटोसोबत साठलेली कॅमेऱ्याची नोंद, उघडलं. तिन्ही फ्रेमना शटर १/६० सेकंद. बदलला होता फक्त आयएसओ: ४००, १६००, ६४००. ऑटो आयएसओ चालू राहिला होता, म्हणून कॅमेरा तो स्वतःच बदलत होता.

इथे जरा थांबा. उजळ फ्रेम घ्यायची ती सावलीतल्या दगडाकडून सेन्सरला जास्त उजेड मिळावा म्हणून. ॲपर्चर तेच, शटर तेच, म्हणजे तिन्ही वेळा उजेड सारखाच आला. आयएसओ उजेड आणत नाही, आलेलाच सिग्नल वाढवतो. स्क्रीनवर फ्रेम उजळ दिसते आणि आपण फसतो. ऑटो बंद करा, आयएसओ १०० ला बांधा, फरक फक्त शटरने पाडा. ॲपर्चरनेही नाही, त्याने डेप्थ ऑफ फील्ड (किती खोलीपर्यंत स्पष्ट दिसतं ते) बदलते.

घाबरू नका, एकदा हे बसलं की बाकीचं सोपं आहे. मात्र अशा दारापाशी तीन फ्रेम पुरत नाहीत. दुसऱ्या खेपेला मी १/५०० पासून ८ सेकंदांपर्यंत, दोन-दोन स्टॉपने सात घेतल्या. स्मारक संरक्षित आहे, ट्रायपॉडची परवानगी आधी काढा. आणि सुरुवात रावेर-यावलच्या केळीच्या बागेत नको: पानं हलतात, घोस्टिंग होतं, म्हणजे जोडलेल्या फोटोत ती दुहेरी दिसतात. दगड हलत नाही.

आठ सेकंदांची फ्रेम चालू असताना एक गुराखी दाराशी येऊन म्हणाला, "काय करी ऱ्हायना भाऊ?" मी त्याला स्क्रीनवर खांबावरची नक्षी दाखवली.