टेकडीवर हळू कसं चालायचं

सगळ्यात आधी पावलं मोजणारं ते मनगटावरचं घड्याळ काढून घरी ठेवा. मैदानात चकरा मारताना खुशाल घाला, माझं त्याच्याशी वैर नाही. पण टेकडीवर जायचं ते डोकं रिकामं करायला. तिथंही आकडेच बघायचे तर ऑफिस काय वाईट होतं? मी हिशेबाच्या खात्यात आहे. मार्चअखेरीला डोळे मिटले तरी ताळेबंदाचे रकाने दिसतात, त्यामुळे हे जरा अधिकारानं सांगते.

माझी टेकडी पुण्यातली वेताळ टेकडी. समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर, म्हणजे शहरापेक्षा दोन-अडीचशे मीटर उंच. तुमची दुसरी असेल, फक्त घराजवळची हवी. महिन्यातून एकदा सिंहगड गाठून पिठलं-भाकरी खाऊन येणं हा झकास बेत आहे, पण त्याची सहल होते, सवय होत नाही. इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवरून २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्याला एकूण दोन तास तरी निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. ते दोन तास एकदम घालवले की तुकड्यातुकड्यानं, यानं फरक पडला नाही. आता, धडधाकट माणसंच मुळात जास्त बाहेर पडत असतील, ही शंका हिशेबनीसाला येणारच. तरी दोन तास हा आकडा सोयीचा आहे. दोन सकाळी आणि एक रविवार, झालं काम.

चढ मात्र झपाझप चढा. गप्पा नकोत. धाप लागली की ऑफिसातला तो अमुक माणूस काय म्हणाला होता, हे आठवायला जागाच उरत नाही. माथ्यावरच्या सपाटीला लागलात की वेग निम्म्यावर आणा. इथंच बहुतेकांचं अडतं. हळू चाललं की वेळ वाया चालल्यासारखं वाटतं आणि हात आपोआप फोनकडे जातो. फोन पिशवीत तळाला टाका. (खिशातल्या फोनवर मोठ्यानं भक्तिगीतं लावून चालणाऱ्यांबद्दल मी इथं काही लिहिणार नाही.)

मग एक झाड ठरवा आणि दर खेपेला त्याच्याशी थांबा. मी सालई निवडली. पुण्याच्या टेकड्यांवरचं हे अस्सल इथलं झाड, आपण धूप म्हणून जाळतो त्या जातीचा डिंक देणारं. साल राखाडी-हिरवट, तिचे कागदासारखे पापुद्रे सुटतात. उन्हाच्या दिशेनं पाहिलं की पापुद्र्यातून उजेड आरपार येतो. खाली पडलेला एखादा उचला, झाडावरचे ओढू नका. पडलेलं पान बोटांत चुरडून वास घ्या. उन्हाळ्यात झाड पार बोडकं होतं, तेव्हाही थांबा. शेजारची गिरिपुष्पाची गर्दी मुद्दाम लावलेली, मूळची मध्य अमेरिकेकडची. फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी फुलते, दिसते सुरेख. तरी माझा जीव सालईतच.

झाडापाशी पाचेक मिनिटं बसा आणि नुसतं ऐका. आधी जवळचं: गवतातली सळसळ, किडे. मग लांबचं: टिटवी, मोर, त्याच्याही पलीकडे शहराची घरघर. ती घरघर ऐकू येणारच, तिच्यावर चिडू नका. मे-जूनमध्ये पावशाचं ‘पेर्ते व्हा’ सुरू होतं, एकेक सूर चढत जातो. तेच तेच मनात उगाळत बसायची खोड असलेल्यांना हे बसणं विशेष मानवतं. २०१५ साली अमेरिकेत काही जणांना दीड तास चालायला लावलं, निम्म्यांना झाडाझुडपांत आणि निम्म्यांना रहदारीच्या रस्त्याकडेनं. पहिल्या गटाचं उगाळणं कमी झालं, दुसऱ्याचं नाही. प्रयोग लहानसाच होता, पण मला पटला. मात्र झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे गेली असेल तर डॉक्टर आधी, टेकडी नंतर.

आता व्यवहाराचं. पायात टाच धरून ठेवणारे, पकड असलेले बूट हवेत. पावसाळ्यात काळ्या बेसॉल्टवर शेवाळं धरतं आणि भलेभले आपटतात. तिथं पाऊल सपाट टाका. दगडकपारीत हात घालू नका, दगड उलटू नका, तिथं फुरसं असू शकतं. ते आकारानं लहान म्हणून फसू नका, जहाल विषारी आहे. जुन्या खाणीच्या काठाशी फोटोसाठी जाऊ नये. बायकांनी, खरं तर सगळ्यांनीच, पुरता उजाडल्यावर निघावं आणि घरी वाट सांगून ठेवावी. उन्हाळ्यात वाळल्या गवताला आग लागलेली दिसली तर व्हिडिओ काढत न बसता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

दिवाळीच्या सुमारास मोजे भरून कुसळं येतात. ती उपटू नका. कुसळाच्या टोकाला मागे वळलेले बारीक केस असतात, त्यामुळे ते पुढे सरकतं, मागे येत नाही. मोजा उलटा करा, आत आलेलं टोक चिमटीत धरा आणि त्याच दिशेनं पुढे ओढा. अख्खं निघतं. आणि हे बिल्डिंगच्या पायरीवर बसूनच उरका, नाहीतर घरच्यांच्या पायांत घुसतील.