मेणवलीचा घाट, वॉटरकलर पेन्सिलीने

वाईजवळच्या मेणवलीत कृष्णेच्या घाटावर सकाळी लवकर बसा. उन्हं तिरपी असतात, पायऱ्यांच्या सावल्या स्पष्ट दिसतात. ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) ए५ कागद, सहा वॉटरकलर पेन्सिली (यांची रेघ पाण्याने विरघळून रंग होते), वॉटरब्रश (दांड्यात पाणी भरलेला ब्रश) आणि जुनं सुती फडकं पुरे.

आधी साध्या एचबी पेन्सिलीने घाटाचा बाक आणि घंटेचं छोटं देऊळ हलकेच आखा. (घंटा १७३९च्या वसई विजयातली.) सगळ्या पायऱ्या मोजत बसू नका; जवळच्या चार-पाच नीट, बाकीच्या नुसत्या रेघा.

काळ्या दगडाला काळी पेन्सिल लावली की चित्र मेलंच. गडद निळ्यावर विटकरी तपकिरी तिरकी घासा, पाणी लागल्यावर जिवंत करडा मिळतो. पेन्सिल दाबू नका: कागदावर चर पडतो आणि ती रेघ पाण्याने पुरती विरघळत नाही.

ब्रश फिकट भागाकडून गडदाकडे न्या, दर दोन फटकाऱ्यांनी फडक्यावर पुसा. उलट गेलात तर उन्हातली पायरीही मळते. ओल्यावर पुन्हा पेन्सिल चालवली तर कागदाचा लगदा निघतो. पाच-दहा मिनिटं वाळू द्या, मगच सांध्यांच्या गडद रेघा ओढा. नदीला आडवे दोन-तीन फटकारे बास, मध्ये कोरा कागद सोडा.