गरोदरपणात राइड्स: उंची बघता, पण ती थांबते कशी ते बघता का? या चुका टाळा

पाचव्या महिन्यात मी पुतण्याचा हात धरून डॅशिंग कारच्या रांगेत उभी होते. रोलर कोस्टरला सकाळीच नाही म्हटलं होतं, त्यामुळे आपण फार शहाण्यासारखं वागतोय असं वाटत होतं. समोर एक फेरी चालू होती. एका मुलाने मागून येऊन एका बाईंच्या गाडीला असा दणका दिला की त्यांची मान मागे आणि पोट थेट स्टीअरिंगवर. बाई हसत होत्या. मी रांगेतून बाहेर आले. "काकू, तू नेहमी असंच करतेस," म्हणून पुतण्या बराच वेळ फुगून बसला.

"उंच राइड नको, जमिनीवरची चालेल"

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. इथे खरा प्रश्न उंचीचा नसतो, वेग एकदम बदलण्याचा असतो. गर्भाशयाची भिंत लवचीक असते, तिला चिकटलेली वार (प्लॅसेंटा, म्हणजे बाळाला प्राणवायू आणि अन्न पुरवणारा अवयव) तितकी नसते. जोराचा झटका बसला की भिंत ताणली जाते, वारेला तसं ताणता येत नाही, आणि वार सुटू शकते. त्यासाठी पोटावर थेट मार बसलाच पाहिजे असं नाही. रक्तही कधीकधी आतल्या आत साठतं, बाहेर थेंब दिसत नाही. असं क्वचितच होतं, पण झालं तर बाळाचा प्राणवायू कमी पडतो आणि हाताशी वेळ फार नसतो.

म्हणून डॅशिंग कार, धाडकन खाली येणारा टॉवर, गरगर फिरवणारे पाळणे आणि सिनेमागृहासारखी दिसणारी, पण खुर्च्या हिसकवणारी सिम्युलेटर राइड, सगळी एकाच यादीत घाला. त्यापेक्षा संथ फिरणारा मोठा पाळणा बरा. अर्थात मळमळ होत असेल तर तोही नको, आणि वर अडकलात तर बाथरूमची पंचाईत होते ती वेगळीच.

"बार थोडा सैल ठेवा ना"

कारमध्ये बेल्ट लावतोच की, मग इथे काय झालं, असं बऱ्याच जणी विचारतात. कारच्या बेल्टचा खालचा पट्टा पोटाच्या खालून, कमरेच्या हाडांवरून घेता येतो. राइडचा बार वरून खाली येतो, कट-कट आवाज करत एकेक खाच घट्ट होतो आणि मांड्यांवर टेकायच्या आधी पोटावर टेकतो. पोटासाठी तो सैल ठेवला तर उतारावर शरीर सीटवरून उचललं जातं आणि धरायला काहीच उरत नाही. म्हणजे एक धोका टाळायला दुसरा ओढवून घ्यायचा. चालवणारा "काही होत नाही" म्हणाला तरी तो डॉक्टर नाही. फलकावर गरोदर बाईचं चित्र असेल तर विषय संपला.

"अजून पोट कुठे दिसतंय?"

साधारण १२ आठवड्यांपर्यंत गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या आत असतं, त्यामुळे थेट माराचा धोका कमी, हे खरं. म्हणून परवानगी मिळाली असं नाही. या दिवसांतले बरेचसे गर्भपात गुणसूत्रांमधल्या दोषामुळे होतात, राइडमुळे नाही. पण ते राइडनंतरच्या आठवड्यात झालं, तर बाई जन्मभर स्वतःलाच दोष देत बसते. ती टोचणी कशाला हवी? दिवस गेलेत हे कळण्याआधीच बसून आला असाल, तर मात्र घाबरू नका. पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सांगा, बस्स.

वॉटर पार्कमध्ये घसरगुंडी वगळा. खाली आपटणं जोराचं असतं. त्यात सांधे सैल झालेले, शरीराचा तोल बदललेला आणि फरशी ओली. साध्या पाण्यात पोहायला मात्र सहसा हरकत नसते. गरम पाण्याच्या टबात बसू नका, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. शरीराचं तापमान ३९ अंश सेल्सिअसच्या वर जाणं बाळाच्या मेंदू-मणक्याच्या वाढीला घातक ठरू शकतं.

एखाद्या राइडबद्दल मन द्विधा असेल तर बाजूला उभं राहून तिची एक पूर्ण फेरी बघा. थांबताना लोकांची डोकी पुढे जातात का? बार कुठे टेकतो? चढता-उतरताना उडी मारावी लागते का? मला तरी याहून सोपी परीक्षा सापडलेली नाही.

झटका बसलाच तर

"रात्रभर बघू" ही शेवटची चूक. पोट दगडासारखं कडक होऊन सैल होत नसेल, पोटात किंवा कमरेत दुखत असेल, रक्त किंवा पाणी जात असेल, बाळाची हालचाल मंदावली असेल, तर लगेच निघा. पोटाला मार बसला असेल तर यातलं काहीही होण्याची वाट बघू नका. दिवस बरेच भरलेले असतील तर बाळाचे ठोके मशीनवर निदान चार तास बघतात, तेव्हा सोबत कुणीतरी असू द्या. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तो गेल्या गेल्या सांगा, कारण अँटी-डी इंजेक्शन (बाळाचं रक्त आईच्या रक्तात मिसळलं तर आईच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून देतात ते) लागलं तर ते ७२ तासांच्या आत द्यावं लागतं. रक्तगटाच्या रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये आत्ताच काढून ठेवा.