सेरेंगेटीत ‘चो’ कुठे?

सेरेंगेटी हे टांझानियातलं सफारीचं राष्ट्रीय उद्यान. तिथल्या स्वाहिली भाषेत संडासाला ‘चो’ म्हणतात; दारावर ‘वानावाके’ म्हणजे बायका, ‘वानाउमे’ म्हणजे पुरुष. नाबी हिल गेटवर, म्हणजे उद्यानाच्या प्रवेशद्वारावर, सोय आहे, तिथे गरज नसली तरी जाऊन यायचं. पुढे तीन-चार तास काहीच नसू शकतं. पण म्हणून पाणी पिणं बंद करू नका, उन्हात डोकं धरतं. घोट घोट प्या. चहा-कॉफी मात्र निघण्याच्या तासभर आधी उरका.

लागल्यावर नव्हे, अर्धा तास आधी चालकाला सांगा. टांझानियात असं उघड्यावर जाण्याला ‘कुचिंबा दावा’, म्हणजे ‘औषध खणायला जाणं’ म्हणतात, त्यामुळे लाजायचं कारण नाही. तो आखूड गवताची मोकळी जागा बघेल, आधी स्वतः उतरेल. तुम्ही गाडीच्या मागच्या चाकाशीच बसा. आडोशाला झुडूप शोधणं हीच घोडचूक, कारण सिंहही सावलीला तिथेच पडलेला असतो. बायकांना सैल, लांब घागरा पँटपेक्षा सोयीचा.

आपल्याला पाणी लागतंच: अर्ध्या लिटरच्या बाटलीच्या झाकणाला तीन-चार भोकं पाडून ठेवा. वापरलेला कागद, पॅड घट्ट झाकणाच्या डब्यात परत आणा. पुरलं तर तरस उकरतात. डबाच घ्या, कारण प्लास्टिकच्या कॅरीबॅगला टांझानियात 2019पासून बंदी आहे.