दोन सबनेटमधला एसक्यूएल सर्व्हर क्लस्टर: डेटाबेस हलतो, ॲप्लिकेशन मागे राहतं

दोन ठिकाणचे डेटाबेस सर्व्हर एका क्लस्टरमध्ये (एकमेकांचं काम उचलणाऱ्या सर्व्हरच्या गटात) आणणं आता फार अवघड राहिलेलं नाही. डेटाबेस पलीकडच्या साइटवर काही सेकंदांत उभा राहतो. अडतं ते त्यानंतर. सबनेट (नेटवर्कचा तुकडा) बदलला की आयपी बदलतो, आणि ॲप्लिकेशन जुन्याच आयपीचं दार ठोठावत बसतं. त्यामुळे खालच्या कृतीत क्लस्टर बांधण्यापेक्षा नाव, आयपी आणि मतं (क्लस्टर चालू राहायचा की नाही हे ज्यांच्या बहुमतावर ठरतं ती) यांवर जास्त वेळ घालवला आहे.

मांडणी अशी धरू. मुख्य साइटवर डीबी१ आणि डीबी२, सबनेट १०.१०.१.०/२४. डीआर (आपत्तीसाठीच्या पर्यायी) साइटवर डीबी३, सबनेट १०.२०.१.०/२४. विंडोज सर्व्हर २०१६ किंवा पुढचं, एसक्यूएल सर्व्हर २०१६ किंवा पुढचं, आणि आवृत्ती एंटरप्राइझ. अव्हेलेबिलिटी ग्रुप म्हणजे डेटाबेसच्या प्रती (रेप्लिका) वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवणारी व्यवस्था. स्टँडर्डमधल्या बेसिक अव्हेलेबिलिटी ग्रुपला दोनच रेप्लिका आणि एकच डेटाबेस चालतो, म्हणजे ही तीन नोडची (सर्व्हरची) मांडणी तिथे बसत नाही.

स्थिर आयपी एकूण सात लागतात: तीन नोडचे तीन, क्लस्टरच्या नावासाठी प्रत्येक सबनेटमध्ये एक असे दोन, आणि लिसनरसाठी (ॲप्लिकेशन ज्या नावाने डेटाबेसला जोडतं त्यासाठी) तसेच दोन. नेटवर्कवाल्यांकडे सातही एकदम मागा. बहुतेक जण पाच मागतात आणि मग लिसनरपाशी येऊन थांबतात.

फायरवॉल

दोन्ही दिशांनी उघडायचे पोर्ट: ३३४३ यूडीपी आणि टीसीपी, १३५ टीसीपी, ४४५ टीसीपी, आरपीसीसाठी ४९१५२ ते ६५५३५ टीसीपी, डेटाबेसचा १४३३ आणि रेप्लिकांमधल्या एंडपॉइंटचा ५०२२. हमखास विसरला जातो तो ३३४३ यूडीपी. पिंग जातं, रिमोट डेस्कटॉप लागतो, पण नोड क्लस्टरमध्ये कधी आत तर कधी बाहेर. असं दिसलं की आधी हाच पोर्ट तपासा. रेप्लिकेशनसाठी वेगळं नेटवर्क कार्ड असेल तर त्यावर दुसरा डिफॉल्ट गेटवे देऊ नका. पलीकडच्या सबनेटसाठी कायमस्वरूपी स्टॅटिक रूट टाका.

क्लस्टर

तिन्ही नोडवर फेलओव्हर (एकाचं काम दुसऱ्याकडे जाणं) क्लस्टरिंग फीचर टाका आणि टेस्ट-क्लस्टर चालवा. सामायिक डिस्क नाही, तेव्हा स्टोरेजची चाचणी वगळली तरी चालते. मग न्यू-क्लस्टर कमांडमध्ये तिन्ही नोडची नावं, स्टॅटिकॲड्रेसमध्ये दोन्ही सबनेटचे आयपी आणि शेवटी नोस्टोरेज. हा शेवटचा शब्द राहिला तर पात्र वाटणाऱ्या डिस्क क्लस्टर स्वतःच्या ताब्यात घेऊ शकतो.

लगेच ॲक्टिव्ह डिरेक्टरीत जा. क्लस्टरचं कॉम्प्युटर खातं ज्या ओयूमध्ये (डिरेक्टरीतल्या कप्प्यात) आहे, तिथे त्या खात्याला कॉम्प्युटर ऑब्जेक्ट तयार करण्याची परवानगी द्या. ही नसेल तर लिसनर बनवताना १९४७१ ही एरर येते आणि क्लस्टरच्या लॉगमध्ये ११९४ ही नोंद दिसते. एररचा मजकूर 'डीएनएसमधलं नाव आधीच घेतलेलं असेल' असं सुचवतो आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

मतं कोणाला

डीबी३ चं नोडवेट (मताचं वजन) शून्य करा. डीबी१, डीबी२ आणि विटनेस (फक्त मत देणारा साक्षीदार) अशी तीन मतं राहतात, आणि दोन साइटमधली लिंक तुटली तरी मुख्य साइट निवांत चालू राहते. विटनेस शक्यतो तिसऱ्या ठिकाणी ठेवा. तशी जागा नसेल तर क्लाउड विटनेस घ्या, त्याला बाहेर जाणारा ४४३ पोर्ट पुरतो. डीआर साइटवर विटनेस मात्र ठेवू नका. लिंक तुटलेली असताना डीबी२ पॅचसाठी रीस्टार्टला गेला की मुख्य साइटचं एक मत उरलं.

हार्टबीटचे (नोड एकमेकांना पाठवतात त्या 'जिवंत आहे' संदेशांचे) आकडे आहेत तसे राहू द्या. २०१६ पासून क्रॉससबनेटडिले १००० मिलिसेकंद आणि क्रॉससबनेटथ्रेशोल्ड २० आहे, म्हणजे साधारण २० सेकंद शांतता झाल्यावर नोड गेला असं समजलं जातं. फेलओव्हर लवकर व्हावा म्हणून हे कमी करणारे पुढे लिंकच्या प्रत्येक उचकीला फेलओव्हर बघतात.

अव्हेलेबिलिटी ग्रुप

कॉन्फिगरेशन मॅनेजरमधून ऑलवेज ऑन चालू करा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. डेटाबेस फुल रिकव्हरीत हवा आणि त्याचा एक पूर्ण बॅकअप झालेला हवा. डीबी१ आणि डीबी२ सिंक्रोनस, ऑटोमॅटिक फेलओव्हरसह. डीबी३ असिंक्रोनस, मॅन्युअल. कारण सरळ आहे: सिंक्रोनस असताना प्रत्येक कमिटला पलीकडून पोच येईपर्यंत थांबावं लागतं, आणि फायबरमध्ये १०० किलोमीटरला जाऊन-येऊन साधारण १ मिलिसेकंद नुसता प्रकाशच घेतो.

ऑटोमॅटिक सीडिंग (पहिली प्रत आपोआप पाठवणं) सोयीचं आहे, पण ते चालू असेपर्यंत प्रायमरीवरचा ट्रान्झॅक्शन लॉग रिकामा होत नाही. मोठा डेटाबेस आणि अरुंद लिंक असेल तर बॅकअप फाइल नेऊन रिस्टोअर करा. पुढेही डीबी३ फार वेळ तुटून राहिला तर लॉग फुगतच जातो आणि न रिकामा होण्याचं कारण 'अव्हेलेबिलिटी रेप्लिका' असं दिसतं. लॉगच्या डिस्कवर मोकळी जागा ठेवा.

लिसनर एसक्यूएलमधूनच बनवा, दोन्ही आयपी आणि दोन्ही सबनेट मास्क देऊन. मग फेलओव्हर क्लस्टर मॅनेजरमध्ये लिसनरच्या नावाची डिपेंडन्सी उघडून बघा: दोन आयपींच्या मध्ये 'ऑर' हवं. हाताने आयपी जोडले तर तिथे 'अँड' बसू शकतं. एक आयपी कायम ऑफलाइनच असतो, त्यामुळे 'अँड' असताना नाव कधीच ऑनलाइन येत नाही.

नाव आणि आयपी

अशा प्रकारे बनवलेल्या लिसनरचे दोन्ही आयपी डीएनएसमध्ये नोंदले जातात, कारण रजिस्टरऑलप्रोव्हायडर्सआयपी हे मूल्य १ असतं. क्लायंटला दोन पत्ते मिळतात, त्यातला एकच जिवंत. कनेक्शन स्ट्रिंगमध्ये मल्टीसबनेटफेलओव्हर=ट्रू असेल तर ड्रायव्हर दोन्हींकडे एकदम धावतो आणि जो उत्तर देईल तो घेतो. ते नसेल तर जुना ड्रायव्हर एकेक करून बघतो. मेलेल्या आयपीवर विंडोजचा टीसीपी सुमारे २१ सेकंद थांबतो, आणि लॉगिनचा ठरलेला टाइमआउट १५ सेकंदांचा. म्हणजे दुसऱ्या पत्त्याची पाळी येण्याआधीच एरर. त्यात डीएनएस पत्त्यांचा क्रम आलटून-पालटून देतो, त्यामुळे एकदा झटक्यात लागतं, पुढच्या वेळी टाइमआउट. 'कधी लागतं, कधी लागत नाही' अशी तक्रार आली की आधी कनेक्शन स्ट्रिंग मागवा.

ज्या जुन्या ॲप्लिकेशनला ही सेटिंग कळतच नाही, त्याच्यासाठी रजिस्टरऑलप्रोव्हायडर्सआयपी ० करा आणि होस्टरेकॉर्डटीटीएल (क्लायंटने पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ते) १२०० वरून ३०० सेकंदांवर आणा. बदल लागू व्हायला नेटवर्क नेम ऑफलाइन करून पुन्हा ऑनलाइन करावं लागतं. ग्रुप त्यावर अवलंबून असल्याने तोही खाली येतो, तेव्हा कामाच्या वेळेत हात लावू नका.

एवढं करूनही तासभर जुनाच आयपी मिळत राहिला तर दोष बहुधा टीटीएलचा नसतो. डीआरमधला क्लस्टर तिथल्या डीएनएस सर्व्हरवर नवा पत्ता लिहितो, क्लायंट मात्र मुख्य साइटच्या डीएनएसला विचारतात. ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या साइट लिंकवर रेप्लिकेशनचं मुळातलं अंतर १८० मिनिटं आहे. ते १५ वर आणा, किंवा त्या लिंकवर चेंज नोटिफिकेशन चालू करा.

लॉगिन आणि एजंटचे जॉब ग्रुपसोबत येत नाहीत. लॉगिन डीबी३ वर त्याच एसआयडीने (लॉगिनच्या अंतर्गत ओळख क्रमांकाने) बनवा, नाहीतर डेटाबेस उघडतो आणि युजर बाहेर उभे.

मुख्य साइट खरंच गेली तर

डीबी३ कडे मत नाही, म्हणून क्लस्टर आपणहून उठणार नाही. मुख्य साइट बंद आहे, नुसती दिसेनाशी झालेली नाही, याची खात्री फोनवर करा. मग डीबी३ वर क्लस्टर सर्व्हिस फोर्स क्वोरमने (बहुमत नसतानाही) सुरू करा, त्याचं नोडवेट १ करा, डीबी१ आणि डीबी२ चं शून्य, आणि डेटा गमावण्याची मुभा देणारा फोर्स फेलओव्हर चालवा. लिंक तुटलेली असताना मुख्य साइटचे नोड कोणी चालू केले तर दोन्हीकडे लिहिणं सुरू होऊ शकतं. तिथल्या माणसाला हे आधीच सांगून ठेवा.

मुख्य साइट परतली की तिथले डेटाबेस सेकंडरी म्हणून, थांबलेल्या अवस्थेत येतात. घाईने रिझ्यूम करू नका. डीबी३ पर्यंत न पोचलेले व्यवहार अजून त्याच फायलींत असतात आणि रिझ्यूम केलं की ते पुसले जातात. आधी थांबलेल्या डेटाबेसचा स्नॅपशॉट घ्या, राहिलेल्या नोंदी त्यातून काढा, आणि मगच रिझ्यूम.