वर्ल्ड कल्चर्सचा अभ्यास करायचाय? मग सुरुवात पांडवलेणीपासून करा

वर्ल्ड कल्चर्सच्या क्लासला मेसोपोटेमिया, इजिप्त, ग्रीस, चीन सगळं एकदम अंगावर येतं आणि बहुतेक मुलं पहिल्या आठवड्यातच राजांची नावं आणि सनावळ्या पाठ करायला घेतात. त्याने मार्क मिळतील थोडेफार, पण ती माणसं काही समोर उभी राहत नाहीत. माझं म्हणणं एवढंच की आधी त्या लोकांनी स्वतः लिहिलेला एखादा छोटा मजकूर घ्या, चार-पाच ओळींचा असला तरी चालेल, आणि बघा की हे कोणी लिहून घेतलं, कोणी वाचावं म्हणून आणि कशावर. सनावळ्या नंतर आपोआप लक्षात राहतात.

नाशिककरांना हे शिकायला लांब जायलाच नको, डोंगरात कोरलेली पांडवलेणी ही बौद्ध लेणी जवळच आहेत. पाथर्डी फाट्यावर उतरा, सकाळी ऊन चढायच्या आत पायऱ्या चढा आणि सरळ 10 नंबरच्या लेण्यात जा. व्हरांड्याच्या भिंतीवर ब्राह्मी या प्राचीन लिपीतले शिलालेख आहेत. मोबाईलचा टॉर्च समोरून नाही तर बाजूने, भिंतीला जवळजवळ टेकवून धरा, मग अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि ती उठून दिसतात. आधी 'क' शोधा, तो अधिकच्या चिन्हासारखा असतो. आणि प्लीज, अक्षरं नीट दिसावीत म्हणून त्यावर खडू किंवा पाणी लावू नका, एकोणीसशे वर्षं टिकलंय ते.

आता त्यातला एक लेख घ्या. क्षहरात वंशातला क्षत्रप, म्हणजे राज्यकर्ता, नहपान, त्याचा जावई उषवदात, त्याने हे लेणं भिक्षुसंघाला दिलं आणि सोबत 3000 कार्षापणांची (तेव्हाची नाणी) कायमची ठेव ठेवली. ठेव कुठे, तर गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे (गंगापूरजवळ अजून गोवर्धन गाव आहे बरं). एका श्रेणीकडे 2000, व्याज महिन्याला शेकडा 1, दुसरीकडे 1000, व्याज शेकडा पाऊण. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. 2000 च्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला, राहणाऱ्या 20 भिक्षूंना कापडासाठी प्रत्येकी 12 कार्षापणं.

इथे वही काढा आणि हिशोब करा. 2000 वर महिन्याला 20, वर्षाचे 240. 20 भिक्षू गुणिले 12, तेही 240. बरोबर जुळतं! मला हे भयंकर आवडतं, कारण या एका हिशोबात विणकरांचा धंदा, व्याजाचा दर, संघाचा खर्च, लोकांचा एकमेकांवरचा विश्वास सगळं सापडतं आणि तेही शून्याचं चिन्ह नसलेल्या आकड्यांत लिहिलेलं. ही ठेव निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, जाहीर करून दप्तरात नोंदवली असंही लेखातच आहे, म्हणजे कोणी वाचावं याचं उत्तरही मिळालं.

मग 3 नंबरच्या लेण्यात जा. तिथे गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं कौतुक कोरून घेतलंय, ज्याचे घोडे तीन समुद्रांचं पाणी प्यायले, ज्याने क्षहरातांचा वंश निर्मूळ केला वगैरे. आई मुलाबद्दल बोलतेय, तोही तेव्हा हयात नाही, नातू गादीवर आहे, मग यातलं किती धरायचं? अशा वेळी दुसरा पुरावा शोधायचा. 1906 साली आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला नहपानाची 13,000 हून जास्त चांदीची नाणी सापडली आणि त्यातल्या 9,000 हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप परत मारलेला आहे. म्हणजे निदान नहपानाबद्दलचं आईचं बोलणं हवेतलं नाही. जुनी नाणी कशी वाचतात ते बघायचं असेल तर अंजनेरीला नाण्यांचं म्युझियम आहे.

ही सवय लागली की बाहेरचं अवघड जात नाही. मेसोपोटेमियातल्या उर शहरात सापडलेली मातीची पाटी घ्या, साधारण इ.स.पू. 1750 ची, नन्नी नावाचा गिऱ्हाईक एआ-नासिर या व्यापाऱ्यावर चिडलाय की तांबं हलकं पाठवलंस आणि माझ्या माणसाचा अपमान केलास. ही उषवदाताच्या ठेवीशेजारी ठेवून वाचा. व्यवहार दोन्हीकडे आहे, पण एक चारचौघांत मिरवायला कोरलेला आणि दुसरा एकाच माणसाने वाचायला लिहिलेला.

गिल्गमेश या मेसोपोटेमियाच्या महाकाव्याला मात्र वेळ द्या, घाईत सारांश वाचून उरकू नका. अकरावी पाटी आधी वाचा, प्रलयाची. निनवेला असिरियाचा राजा अशुरबनिपाल याच्या ग्रंथसंग्रहात सापडलेल्या तुकड्यांमधून 1872 मध्ये जॉर्ज स्मिथ या इंग्रज अभ्यासकाला ती ओळखू आली. आपल्याकडे शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात मनू आणि माशाची गोष्ट आहे, ती लगेच आठवते आणि मुलं लिहून मोकळी होतात की दोन्हीकडे पूर, दोन्हीकडे होडी, सेम आहे. साम्य दोन ओळींत आटपा, फरकावर पानभर लिहा. तिकडे पूर देवांनीच ठरवून आणलाय आणि त्यातलाच एक देव बोरूच्या भिंतीशी बोलायच्या निमित्ताने गुपित फोडतो, इकडे मनूने वाढवलेला मासाच त्याला सावध करतो. तिकडे पुरातून वाचलेल्या उत्नपिश्तिमला अमरत्व मिळतं, इकडे मनू एकटा उरतो आणि यज्ञ करून पुन्हा प्रजा निर्माण करतो. मरणाबद्दल कोणाला काय वाटत होतं ते या फरकातूनच कळतं.

इलियड या ग्रीक महाकाव्याचं थोडक्यात, ट्रॉयचं अख्खं युद्ध त्यात नाही, दहाव्या वर्षातला ग्रीक योद्धा अकिलिसचा राग आहे आणि शेवट ट्रॉयच्या हेक्टरच्या अंत्यसंस्काराशी, लाकडी घोडा शोधत बसू नका.

कवितांसाठी चीनचा शिजिंग हा प्राचीन काव्यसंग्रह, 305 कविता, आणि त्याच्या जोडीला सातवाहन राजा हालाची गाथासप्तशती. गाथा महाराष्ट्री प्राकृतात आहेत, दोन-दोन ओळींच्या, गोदावरीचा काठ त्यात सारखा येतो, शेतं, पाऊस, परगावी गेलेला नवरा, आणि कितीतरी गाथा बाईच्याच तोंडी आहेत. रोज दोन गाथा आणि एक चिनी कविता, बास. मराठी अनुवादासाठी सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिकमध्ये, चौकशी करा.

उत्तर लिहिताना पहिल्या वाक्यातच मूळ मजकुरातली एक ओळ द्या आणि ती कुठली ते सांगा, म्हणजे गिल्गमेश असेल तर पाटीचा नंबर, शिलालेख असेल तर लेण्याचा नंबर, आणि अनुवाद कोणाचा. 'प्राचीन लोक मानत असत' असं वाक्य आलं की खोडा आणि कोण मानत होतं त्याचं नाव घाला, उषवदात, बलश्री, नन्नी, जे असेल ते.